टक्केवारी नको, रोजकीर्द दाखवा

या शनिवारचा विषय जरा लांबचा आहे. लांबचा म्हणजे अक्षरशः किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर आत. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या प्लॅटफॉर्मचं आयुष्य संपलं, की तो मोडून काढावा लागतो. मोडताना कचरा किती निघाला, त्यातला घातक किती, तो शेवटी कुणाच्या अंगणात गेला आणि या सगळ्या खटाटोपात हवेत किती धूर सोडला गेला, हा हिशेब कोण ठेवतं आणि कसा ठेवतं, याबद्दल आज लिहितोय.

नमनाला घडाभर तेल नको (तेल पुढे भरपूर आहे), म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा हिशेब आपल्यापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा एका टक्क्याच्या रूपात. 'अमुक टक्के साहित्य पुन्हा वापरात आणलं' वगैरे. आणि जे कळायला हवं ते नेमकं त्या टक्क्यात बुडून जातं. मला टक्का नको, रोजकीर्द हवी. कुठला तुकडा, कुणी मोजला, कसा मोजला, कुणाच्या ताब्यात दिला, असं ओळीने लिहिलेलं. मुंबई हायचे प्लॅटफॉर्म मोडायला लागायच्या आत आपल्याला ही सवय लागली नाही, तर नंतर ती लागणार नाही, असंही माझं मत आहे.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, तू सॉफ्टवेअरवाला, तुझा तेलाशी संबंध बाईकच्या टाकीपुरता. कबूल. पण माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कशी बिघडते, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. आणि प्लॅटफॉर्म मोडणं हा जितका क्रेनचा खेळ आहे, तितकाच हातबदलांचाही आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. प्लॅटफॉर्मचे ढोबळमानाने तीन भाग. वरचा मजला म्हणजे 'टॉपसाइड', त्यात यंत्रं, पाइप, राहायच्या खोल्या, हेलिपॅड. त्याला पाण्यात तोलून धरणारा पोलादी सांगाडा म्हणजे 'जॅकेट' (उत्तर समुद्रातल्या काही अवाढव्य प्लॅटफॉर्मना पोलादाऐवजी काँक्रीटचे पाय आहेत). आणि त्याखाली विहिरी आणि समुद्रतळावरून जाणाऱ्या पाइपलाइन. मोडायची वेळ आली की आधी विहिरी सिमेंट भरून बुजवतात, पाइप धुऊन काढतात, मग टॉपसाइड उचलतात, जॅकेट कापतात आणि सगळं किनाऱ्यावरच्या यार्डात आणून बारीक तुकडे करतात. पोलाद भट्टीत जातं.

पण निघतं ते नुसतं पोलाद नसतं. टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ असतो. जुन्या भिंतींत ॲस्बेस्टॉस, जुन्या रंगात शिसं, जुन्या विजेच्या सामानात पीसीबी. काही ठिकाणच्या वायूबरोबर पारा येतो आणि पाइपांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो. आणि सगळ्यात अनपेक्षित म्हणजे रेडियम. जमिनीच्या पोटातलं पाणी तेलाबरोबर वर येतं, त्यात नैसर्गिकरीत्या विरघळलेलं थोडं रेडियम असतं. गिझरच्या कॉइलवर जसा क्षारांचा पापुद्रा धरतो, तसा पाइपांच्या आत बेरियम सल्फेटचा थर धरतो आणि त्यात हे रेडियम अडकून राहतं. बाहेरून पाइप साधा गंजका पाइप दिसतो.

शिवाय जॅकेटला चिकटलेली सागरी वस्ती वेगळीच. शिंपले, शेवाळ, मऊ प्रवाळ. मोठ्या जॅकेटवर हे शेकडो टन भरू शकतं. गंमत अशी की समुद्रातून उचलताना ते ओलं आणि जड असतं, वाटेत सुकतं, गळून पडतं, यार्डात पोचेपर्यंत कुजायला लागतं. म्हणजे समुद्रातलं वजन आणि धक्क्यावरचं वजन कधीच जुळणार नाही. हा फरक चोरीचा नाही, पाण्याचा आहे. पण तो लिहून ठेवला नाही, तर चोरीचा फरक आणि पाण्याचा फरक एकसारखाच दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आकड्यांच्या भांडणाची सगळ्यात गाजलेली गोष्ट. १९९५, उत्तर समुद्र, ब्रेंट स्पार. हा प्लॅटफॉर्म नव्हता, तेल साठवायची तरंगती उभी टाकी होती. तीन लाख बॅरल तेल मावेल एवढी. १९७६ पासून १९९१ पर्यंत वापरली. मग शेलने ती अटलांटिकमध्ये खोल पाण्यात बुडवायची परवानगी मागितली आणि ब्रिटिश सरकारने ती दिली. ३० एप्रिल १९९५ ला ग्रीनपीसचे कार्यकर्ते त्या टाकीवर चढून बसले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार टाकला. २० जूनला शेलने माघार घेतली.

या सगळ्या गदारोळात ग्रीनपीसने एक आकडा जाहीर केला होता. टाकीत ५,००० टनांहून जास्त तेल शिल्लक आहे. तो चुकीचा निघाला. नमुना टाकीतून नव्हे, टाकीकडे जाणाऱ्या पाइपातून घेतला गेला होता. सप्टेंबर १९९५ मध्ये ग्रीनपीसचे ब्रिटनमधले प्रमुख पीटर मेल्चेट यांनी शेलची जाहीर माफी मागितली. नॉर्वेच्या 'डेट नॉर्स्के व्हेरिटास' या संस्थेने नंतर तपासणी केली तेव्हा शिल्लक तेलाचा अंदाज शंभर टनांच्या आसपास आला. पन्नास पटींचा फरक!

या गोष्टीवरून लोक दोन धडे काढतात. कंपनीवाले म्हणतात, बघा, पर्यावरणवाले आकडे फुगवतात. पर्यावरणवाले म्हणतात, आकडा चुकला असेल, पण समुद्रात कचरा टाकायचा पायंडा पाडू नका हा मुद्दा बरोबरच होता (आणि तो होताच). मला त्यात तिसरंच काहीतरी दिसतं. तो आकडा कितीतरी आठवडे जगभर फिरला, पण नमुना कुठून घेतला ही माहिती आकड्याबरोबर फिरली नाही. 'पाइपातून घेतलेला एक नमुना, त्यावरून काढलेला अंदाज' एवढं शेपूट त्याला जोडलेलं असतं, तर कुणीतरी पहिल्याच दिवशी भुवई उंचावली असती. आणि शेलचा आकडा खऱ्याच्या जवळ असूनही तोपर्यंत त्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. कारण तोही नुसताच आकडा होता.

पुढे १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या देशांनी 'ऑस्पार' कराराखाली ठरवलं, की निकामी झालेले प्लॅटफॉर्म समुद्रात टाकायचे नाहीत, जागेवर सोडायचेही नाहीत. फार जड जॅकेटचे पाये आणि काँक्रीटचे पाय यांना मात्र सवलत मागता येते. ब्रेंट स्पारचे कापलेले तुकडे नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ एक धक्का बांधायला वापरले गेले. असो.

आता वळू टक्क्याकडे. त्याच ब्रेंट क्षेत्रात चार मोठे प्लॅटफॉर्म होते. त्यातल्या ब्रेंट डेल्टाचा २४,२०० टनांचा टॉपसाइड एप्रिल २०१७ मध्ये 'पायोनियरिंग स्पिरिट' नावाच्या जहाजाने एका दमात उचलला आणि तो इंग्लंडमधल्या हार्टलपूलजवळच्या यार्डात नेला. इंजिनिअरिंग म्हणून थक्क करणारं काम, व्हिडिओ जरूर बघा. त्यातलं किमान ९७ टक्के साहित्य पुन्हा वापरात आणण्याचं उद्दिष्ट शेलने जाहीर केलं होतं.

९७ टक्के! बोर्डाच्या परीक्षेत पडले असते तर गल्लीत पेढे वाटले असते. पण हा टक्का वजनाचा आहे, आणि प्लॅटफॉर्मचं वजन म्हणजे जवळजवळ सगळं पोलाद. पोलाद भंगारात विकलं जातं, त्याचे पैसे येतात. ते पुन्हा वापरात आणायला कुणाला नैतिक बळ लागत नाही. आपल्या गल्लीतला भंगारवालासुद्धा लोखंडाचं शंभर टक्के रिसायकलिंग करतो. प्रश्न उरलेल्या तीन टक्क्यांचा असतो. २४,२०० टनांचे तीन टक्के म्हणजे साधारण ७२५ टन. त्यात ॲस्बेस्टॉस किती, पाऱ्याने माखलेलं किती, रेडियमचा थर किती आणि निरुपद्रवी काचलोकर किती? वजनाच्या टक्क्यात एक टन काचलोकर आणि एक टन किरणोत्सर्गी खपली यांची किंमत सारखीच. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मोजायला बसलो, तिलाच मोजमापात जागा नाही.

गंमत म्हणून दुसरा ९७ टक्के सांगतो. मेक्सिकोच्या आखातात १९६० च्या दशकापासून जेवढ्या पाइपलाइन अधिकृतपणे निवृत्त झाल्या, त्यांपैकी ९७ टक्के लांबीच्या पाइपलाइन समुद्रतळावरच सोडायला परवानगी मिळाली, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ च्या अहवालात नोंदवलं. लांबी सुमारे १८,००० मैल, म्हणजे जवळपास २९,००० किलोमीटर. टक्का तोच, अर्थ उलटा. एका ठिकाणी ९७ टक्के परत आणलं, दुसरीकडे ९७ टक्के तिथेच सोडलं. हिशेबाची चौकट कुठे आखली, त्यावर सगळं ठरतं.

प्रोग्रामिंग करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पहिल्या वर्षात कळते. शून्य वेगळं आणि रिकामं वेगळं. रकान्यात शून्य लिहिलं, तर 'मोजलं आणि काही सापडलं नाही'. रकाना रिकामा असेल, तर 'मोजलंच नाही'. दोन्ही एकत्र करून बेरीज मारली, की बेरीज छान येते आणि अर्थ गायब होतो. ब्रेंटच्या तीन प्लॅटफॉर्मच्या काँक्रीटच्या पायथ्याशी मिळून ६४ टाक्या आहेत, एकेक जवळपास वीस मजली इमारतीएवढी उंच. त्यांच्यात तेलकट पाणी आणि तळाशी गाळ आहे. आत पोचणंच इतकं अवघड, की प्रत्यक्ष नमुने मोजक्याच टाक्यांतून निघाले आणि बाकीच्यांबद्दल त्यावरून अनुमान काढावं लागलं. शेलचं म्हणणं, हे जागेवर राहू देणंच शहाणपणाचं. २०१९ मध्ये जर्मनीसह काही देशांनी त्याला जोरदार आक्षेप घेतला. कोण बरोबर, हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण वाद घालणाऱ्या दोघांच्याही हातात जो तक्ता आहे, त्यात 'मोजलेलं' आणि 'अनुमान' वेगळ्या रंगात दिसलं पाहिजे, एवढं मी नक्की म्हणेन.

कचऱ्याचं हे, तर धुराचं काय? तिथे मामला आणखी निसरडा आहे. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमने २०००मध्ये प्लॅटफॉर्म मोडताना लागणारी ऊर्जा आणि होणारं उत्सर्जन मोजायची मार्गदर्शक पद्धत तयार केली. उत्तर समुद्रात ती प्रमाण मानली गेली. त्यात जहाजांचं इंधन येतं, पोलाद वितळवण्याचं उत्सर्जन येतं आणि एक काल्पनिक खर्चही येतो. जे पोलाद समुद्रात सोडून दिलं, तेवढं नवं पोलाद जगात कुठेतरी बनवावं लागेल, म्हणून त्याचं उत्सर्जन 'सोडून देण्याच्या' खात्यावर टाकायचं.

उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी मी धरलेले आहेत, कुठल्याही खऱ्या प्लॅटफॉर्मचे नाहीत. समजा जॅकेट १०,००० टनांचं. ते काढायला जहाजांचा ताफा ६० दिवस लागला आणि रोज ५० टन इंधन जळलं. एक टन सागरी डिझेल जाळलं की साधारण ३.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ९,६०० टन. भंगार विजेच्या भट्टीत वितळवायला टनामागे ०.७ टन धरू, म्हणजे ७,०००. एकूण १६,६००. आता सोडून दिलं तर? जहाजं नाहीत, भट्टी नाही. पण तेवढं नवं पोलाद खनिजापासून करायला टनामागे दोन टन धरले, तर काल्पनिक २०,०००. म्हणजे काढणं फायद्याचं. काल्पनिक खर्च चौकटीबाहेर टाकला, तर १६,६०० विरुद्ध जवळपास शून्य. म्हणजे सोडणं फायद्याचं! जॅकेट तेच, जहाजं तीच, समुद्र तोच.

आणि आता हवा बिघडली म्हणून ताफा २० दिवस नुसता उभा राहिला असं धरा. उभं राहायलाही इंधन लागतंच, कारण ही जहाजं बहुधा इंजिनं चालू ठेवूनच जागा धरून राहतात. ८० दिवसांचे १२,८०० आणि भट्टीचे ७,०००, मिळून १९,८००. २०,००० च्या अगदी दाराशी. म्हणजे निर्णय घेताना जो फायदा दिसत होता, तो वाट बघण्यात जळून गेला. आधीच्या अंदाजात ६० दिवस छापले जातात. नंतरचे ८० दिवस कुठे छापले जातात? आमच्या धंद्यात प्रोजेक्टचं एस्टिमेट आणि प्रत्यक्ष लागलेले तास यांच्यातली दरी सगळ्यांना माहीत असते, म्हणून दोन्ही रकाने शेजारीशेजारी ठेवायचा शहाणपणा हळूहळू येतो. इथेही तोच हवा. आणि खरा आकडा फार लांब नसतो. प्रत्येक जहाज इंधन भरताना पावती घेतं. त्या पावत्या गोळा करा, जाण्या-येण्याच्या आणि थांबल्याच्या दिवसांसकट. अडचण एवढीच, की जहाज ठेकेदाराचं, इंधन ठेकेदाराच्या खात्यावर, आणि प्लॅटफॉर्म कंपनीचा. धूर या दोघांच्या मधल्या फटीतून निघून जातो.

शिवाय एक धूर दिसतच नाही. तो म्हणजे मिथेन. विहीर बुजवली की कागदावर काम संपतं. पण जर्मनीतल्या कील शहरातल्या गेओमार संस्थेच्या संशोधकांनी उत्तर समुद्राच्या ब्रिटिश हद्दीत ४३ जुन्या विहिरींच्या जागा तपासल्या, तेव्हा २८ ठिकाणी वायू निसटताना आढळला (हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला). हा वायू मुख्यतः खालच्या साठ्यातून नव्हे, तर वरच्या थरांतल्या छोट्या कप्प्यांतून येतो. ड्रिलिंगमुळे विहिरीभोवतीचा खडक खिळखिळा होतो आणि त्याला वाट मिळते. म्हणजे विहिरीच्या आतला सिमेंटचा बूच उत्तम असूनही बाहेरून बुडबुडे येऊ शकतात. आता सांगा, 'प्रकल्प पूर्ण' असा शिक्का मारलेल्या अहवालात ही ओळ कुठे लिहायची? तिकीट बंद केलं म्हणून बग जात नाही, हे आमच्याकडे नव्या पोरांना शिकवावं लागतं. तेलवाल्यांनाही लागतंय.

आता हातबदलाकडे येतो, कारण खरा घोळ तिथेच होतो. 'नॉर्थ सी प्रोड्यूसर' हे तेल काढून साठवणारं जहाज उत्तर समुद्रातल्या मॅकुलॉक क्षेत्रावर काम करायचं. काम संपल्यावर ते इंग्लंडमध्ये टीज नदीत उभं होतं. मे २०१६ मध्ये ते निघालं, कागदोपत्री पुढच्या वापरासाठी, नायजेरियाकडे. ऑगस्टमध्ये ते बांगलादेशात चितगावच्या किनाऱ्यावर वाळूत चढवलेलं सापडलं, तोडण्यासाठी. पाइपांत किरणोत्सर्गी खपल्या होत्या. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही आयात बेकायदा ठरवली. तोवर गॅस कटर घेऊन आत शिरलेल्या मजुरांच्या फुप्फुसांत काय गेलं, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. ब्रिटनची वही स्वच्छ होती. कारण त्या वहीत ही वस्तू 'कचरा' म्हणून कधी लिहिलीच गेली नव्हती.

किरणोत्सर्गी भंगाराचा धडा आपण घरातही शिकलोय. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. पाइपातली रेडियमची खपली त्या मानाने कितीतरी सौम्य असते, दोन्हींची बरोबरी करणं चुकीचं होईल. पण वाट तीच आहे. कागद नसलेली वस्तू, न विचारता घेणारा खरेदीदार आणि हातात कटर असलेला माणूस.

आता आपला समुद्र. मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर ओएनजीसीचे लहानमोठे मिळून दोनशेहून जास्त प्लॅटफॉर्म आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं वय आपल्यापैकी अनेकांपेक्षा जास्त आहे. २७ जुलै २००५ ला, मुंबईच्या त्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून कोसळला आणि २२ माणसं गेली. न मोडता कोसळलेल्या लोखंडाचाही हिशेब लागतोच. ठरवून, रीतसर मोडायचं पहिलं मोठं काम मात्र ताप्ती वायू क्षेत्रात झालं. शेल, रिलायन्स आणि ओएनजीसी यांच्या भागीदारीने तिथले पाच प्लॅटफॉर्म काढले, ३८ विहिरी बुजवल्या, आणि २०२४ मध्ये काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. भारतातलं हे अशा प्रकारचं पहिलंच काम, आणि ते पार पडलं ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे.

पण पहिल्या कामाची रीत पुढच्या कामांची वहिवाट होते. आपल्याकडे घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. त्यात ट्रकबरोबर सात रंगांच्या सात प्रतींचं चलन जातं, पांढरी प्रदूषण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे वगैरे. हसू नका, कल्पना उत्तम आहे. एकच नोंद अनेकांच्या हातात, म्हणजे कुणा एकाला गुपचूप खाडाखोड करता येत नाही. पण हेच नियम किरणोत्सर्गी कचऱ्याला लागू नाहीत, त्याचा कारभार अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. जहाजतोडणीसाठी हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला, त्यात तरंगते प्लॅटफॉर्म येतात आणि घातक वस्तूंची यादी सक्तीची आहे. पण समुद्रतळावर पाय रोवून उभा असलेला प्लॅटफॉर्म म्हणजे जहाज नव्हे, म्हणून तो त्यात येत नाही. मुंबई हायवर मुख्यतः असलेच पाय रोवलेले प्लॅटफॉर्म आहेत. आता असा एकच पाइप डोळ्यांसमोर आणा, ज्यात तेलाचा गाळ आहे, पारा आहे आणि रेडियमही आहे. त्याची नोंद कुठे करायची? तीन वह्या, आणि तिघांनाही वाटणार की दुसऱ्याने लिहिलं असेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे, सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यातून निघालेली आहे, आणि तिला कुठलंही भारी तंत्रज्ञान लागत नाही.

एक, कापलेल्या प्रत्येक मोठ्या तुकड्याला आणि कचऱ्याच्या प्रत्येक पेटीला समुद्रावरच नंबर द्या. वजन तीनदा लिहा. क्रेनवर, धक्क्यावर आणि शेवटच्या मुक्कामी. जुळलं नाही तर जुळवू नका, फरक आणि कारण लिहा. (शिंपले आठवताहेत ना?)

दोन, घातक गोष्टी टक्क्यात नको, त्यांच्या स्वतःच्या मापात लिहा. पारा किलोत, किरणोत्सर्ग बेकरेलमध्ये.

तीन, प्रत्येक आकड्यापुढे चारपैकी एक शब्द सक्तीचा. मोजलेला, हिशेबाने काढलेला, अंदाज, किंवा माहीत नाही. 'माहीत नाही' लिहिणाऱ्याला शिक्षा नको. त्याला शिक्षा झाली, की सगळीकडे शून्य दिसायला लागेल.

चार, इंधनाचे अंदाज आणि पावत्या शेजारीशेजारी. उत्सर्जनाच्या बेरजेत खरा धूर आणि काल्पनिक पोलाद वेगवेगळं दाखवा, मग हवं तर मिळवा.

पाच, विहिरींची ओळ बंद करू नका. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी पुन्हा बघून तारीख टाका.

सहा, ही वही सगळ्यांना बघता येऊ द्या, आणि ती स्कॅन केलेली वाकडी पानं नकोत, उघडून बेरीज करता येईल अशी फाइल हवी.

यावर कुणीतरी ब्लॉकचेन घेऊन येईलच. येऊ दे बापडं. पण खोटं वजन ब्लॉकचेनमध्ये लिहिलं तर ते फक्त कायमचं खोटं राहतं. मुळात काट्यापाशी प्रामाणिक माणूस आणि तपासायला दुसरा माणूस लागतो. त्याला ॲप नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो गंभीर आहे. एवढ्या नोंदींना खर्च येतो, पावसाळ्यामुळे आपल्याकडे समुद्रात काम करायला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने मिळतात, आणि कागदाच्या धाकाने लोक मोडायचंच पुढे ढकलतील. हे घडतं. मेक्सिकोच्या आखातात जून २०२३ पर्यंत मुदत उलटून गेलेल्या २,७०० हून जास्त विहिरी आणि ५०० हून जास्त प्लॅटफॉर्म तसेच होते, हेही त्याच लेखापरीक्षण कार्यालयाचं निरीक्षण. पण माझं म्हणणं असं, की यातली बहुतेक माहिती आधीच तयार होते. क्रेन वजन दाखवते, इंधनाची पावती फाटते, ट्रक काट्यावर चढतो. ती फेकून न देता एका जागी ठेवायची आहे, एवढंच. एवढ्याने काम पुढे ढकललं जात असेल, तर ढकलण्याचं कारण वेगळं आहे.

आणि हे बघण्याचा हक्क आपल्याला का? कारण बिल आपल्याकडेही येतं. ब्रिटनमध्ये प्लॅटफॉर्म मोडण्याच्या खर्चावर करसवलत मिळते. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये सरकारवरचा बोजा २४ अब्ज पौंडांचा सांगितला होता. आपल्याकडेही जागा पूर्ववत करण्याच्या निधीत कंपनीने पैसे ठेवले, तर आयकर कायद्यात त्याची वजावट मिळत आली आहे, आणि ओएनजीसीचा सगळ्यात मोठा मालक तर सरकारच आहे. दर महिन्याला पगारातून टीडीएस कापून घेणाऱ्या मंडळींनी दुसऱ्याच्या वजावटीची पावती मागितली, तर त्यात आगाऊपणा काही नाही.

पण पैशाच्या हक्काहून मोठा हक्क त्या माणसाचा आहे, जो शेवटी कटर घेऊन त्या पाइपासमोर उभा राहील. त्याला ९७ टक्क्यांशी काही देणंघेणं नाही. त्याला एवढंच कळायला हवं, की या पाइपाच्या आत काय आहे, आणि ते कुणी बघून लिहिलंय. ते त्याला वाचता येईल अशा भाषेत, पाइपावरच चिकटवलेलं असायला हवं. माझ्या सहा कलमांतून एकच ठेवायचं म्हटलं, तर मी हे ठेवेन.

तोवर कुणी टक्का फेकला, की आपण विचारायचं. उरलेले तीन कुठे आहेत, आणि पावती कुणाकडे आहे?

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.